साठाची घुमघुम

आधी घरचा चोर धरायचा.
ओइकावाने सुई तबकडीवर टेकवलीच नाही,
नुसतीच कळ फिरवली उजवीकडे, पार शेवटपर्यंत:
घुंऽऽम.
ही इथली. मोरिओकाची. पन्नासाची.

फ्रीजची पिन काढली, ट्यूबलाइट घालवली,
ट्रान्सफॉर्मर हातभर लांब सरकवला,
आणि टर्नटेबलच्या बुडाशी लोंबणारी हिरवी तार,
जिला एरवी कुत्रं विचारत नाही,
ॲम्प्लिफायरच्या स्क्रूखाली आवळली.
खोली गप्प.
छपरावरून बर्फ घसरलं, तेवढंच.

मग त्सुयाकोबाईंची तबकडी.
बशीएवढी. ओसाकातल्या एका दुकानाच्या गच्चीवर
नाणं टाकलं की दोन मिनिटांत कोरून मिळायची तसली.
रुमालाची गाठ सोडताना त्या म्हणाल्या होत्या,
"वडील आहेत. मी तेव्हा पोटात."

सुई टेकली, आणि पुन्हा घुंऽ,
पण वर चढलेली.
पन्नासाला सा मानला तर नेमका कोमल गंधार.
फुजी नदीच्या अलीकडे वीज पन्नासदा थरथरते,
पलीकडे साठदा.
म्हणजे ही तार आवळून जाणारी नव्हे.
ही खाचेतच बसलीय,
त्या दुपारची, त्या गच्चीची,
कुठल्याशा लिफ्टची वीज.

मग खोकला. मग:
"इथे फार उकडतंय. पगार शनिवारी.
बाळाचं नाव ठरवू नका एवढ्यात,
मी येतोय."

पडद्यावर सुळके उभे: साठ, एकशेवीस, एकशेऐंशी.
त्याने एकशेवीसचा खुडून पाहिला.
तिथेच नेमका त्या माणसाचा गळा होता.
सुक्याबरोबर ओलंही जळालं:
उरला एक पातळ कारकून,
दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवणारा.
ओइकावाने परत घेतलं. चहा गार झाला.
चरे काढले, टकटक काढली,
बिलावर लिहिलं:
पन्नास काढले. साठ ठेवले, ते आमचे नव्हेत.

बाई आल्या बुधवारी, बुटांवर चिखल.
हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं.
"नाव मामाने ठेवलं," एवढंच म्हणाल्या.
मग थोड्या वेळाने,
"ते सुरुवातीचं परत लावता?
बोलायच्या आधीचं."

बोलायच्या आधी काही नाहीय, तो म्हणणार होता.
लावलं.
दोन सेकंद घुंऽ, कोणीतरी उभं असल्यासारखं,
मग खोकला.