नऊ नंबरचा अंगठा

काल तू धुतलेले तुकडे मी पुन्हा बाहेर काढलेत, केरिस.
रागावले नाहीये. बस.
अॅसिटोन, मग साबणाचं कोमट पाणी, मग ऊर्ध्वपातित,
सगळं वहीत आहे तसंच केलंस.
चिमट्याने कडेला धरलंस, फुंकर मारली नाहीस.
दिव्याखाली आरशासारखे दिसले असतील तुला.
मलाही दिसायचे, पहिल्या वर्षी.

आता यातला एक तव्यावर ठेवते.
तवाच म्हणायचा याला; माझी आई वेल्श केक भाजते
त्याचाच हा शिकलेला भाऊ.
दोनशे अंश. थांब.
कडेने पिवळा, मग तपकिरी,
मग तो कबुतराच्या मानेचा निळा,
आणि मधोमध, बघ,
रेघा.

तेल गेलं होतं. तुझं धुणं खोटं नव्हतं.
पण घामात मीठ असतं,
ते पितळात जराशी जागा खाऊन बसतं.
खाल्लेली जागा धुता येत नाही.

हा नऊ नंबर. नाव लिहायचं नसतं,
पण मला ठाऊक आहे: इडवल, गोर्साइननचा,
पत्र्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
अंगठ्यावर तिरका वण, रेघा तिथे वाट चुकतात.
दर गुरुवारी यायचा, बसभाडं आणि चहा एवढ्यावर.
हात धुवायचा. अर्धा तास कशाला शिवायचं नाही,
तेवढ्यात रग्बीवर बोलून घ्यायचा.
मग कपाळावरून बोट फिरवून
एकेका तुकड्यावर असं टेकवायचा
जणू दारावरची घंटा आहे आणि आत कोणी आजारी.

फेब्रुवारीत त्याच्या मुलीचा फोन आला.
यादीतून काढा म्हणाली.

फॉर्मवर त्याची सही आहे: अभ्यासानंतर ठसे नष्ट करावेत.
आणि नवं पितळ मागायला गेलं की
वरच्या मजल्यावर सगळे एकदम बहिरे होतात.
तेव्हा ही हिऱ्याची पेस्ट. सहा मायक्रॉन, तीन, एक.
हात गोल नको, गोफ विणल्यासारखा फिरव.
घाई केलीस तर वरून चमकतं, खाली तो तसाच.

एकोणीस मी रात्री संपवले.
शेवटचा खात्रीसाठी तापवला.
इडवल नव्हता.
कोपऱ्यात मात्र एक अर्धवट बोट,
ते कुणाचं हे कळायला भिंग लागलं नाही.
मधे घरून फोन आला तेव्हा मी हातमोजा काढला होता.

तो तुकडा तू घास.
आपलंच आपण पुसताना हात हलका पडतो.

आणि ती खिडकी लाव आधी.
खाडीकडून वारा सुटलाय,
त्यातही मीठ आहे.