खोली

मुंजाजीनं माठ काढला तो भाकरीसारखा,
गोल, आणि ताटात पडल्यागत सपाट.
सगळ्यांनीच तसा काढला,
कडा इतक्या दाबून गिरवलेल्या
की पानामागून हात फिरवला तरी
चित्र बोटांना लागावं.

खरा माठ वर्गात, तिवईवर.
बोरीच्या बाजारातला,
सटवाजीमामांकडून तासापुरता मागून आणलेला,
अजून खालून ओला.

उजेड कुठून यायलाय?
दारातून, म्हणाली बत्तीस पोरं.
मग माठाचं कोणतं अंग दाराकडं बघतंय
आणि कोणतं पाठ करून बसलंय?
पेन्सिल आडवी धरा. टोकानं नाही, कुशीवर निजवा तिला.
सारवताना आई पहिला हात पातळ फिरवते ना,
तसं. मग त्यावर दुसरा.
मग पाठीकडं तिसरा.

तस्लीमनं विचारलं, उजेडाला कोणता रंग द्यायचा, बाई?
कोणताच नाही. तेवढं पान सोडून द्यायचं.
तिला पटेना.
काहीच न केलेल्या जागेला मार्क कोण देतं?

चार पेन्सिली, मोडून बारा तुकडे,
रांगेरांगेनं फिरत राहिले.
हळूहळू पोटं धरली माठांनी.
एक कलंडला.
एकाची सावली दोन्हीकडं पडलेली,
जणू त्या घरावर दोन सूर्य उगवतात.

फळ्यावर मी लिहिलं : चित्राला खोली हवी.
मुंजाजी उठला.
आमची एकच हाय बाई, पत्र्याची. सातजण झोपतो.
वर्ग हसला. मीही हसले.
दुसरा अर्थ सांगणार, तर घंटा झाली.

सोमवारी त्यानं वही पुढं केली.
खोलीच काढलेली.
उंबऱ्याशी उन्हाची चिंधी,
तेवढं पान कोरं सोडलेलं, अगदी बरोबर.
आत शिलाई मशीन, तिच्यावर पातळ हात.
दोरीवरचे कपडे, जरा दाट.
आणि ज्वारीच्या पोत्यांमागचा कोपरा
एवढा घोटलेला की शिसं चमकायलं होतं,
कागदाला भोक पडायचं तेवढं राहिलेलं.

इतकं दाबायचं नसतं, म्हणणार होते.
तोंडून निघालं, इथं काय हाय रे?

तिथं मी बसतो, बाई.
कुणाला दिसत नाही.

खोडरबर मुठीत तसाच राहिला.
काठ धरून आडात डोकवावं
तशी वाकले मी त्या वहीवर.

खाली मार्कांची चौकट होती.
किती पडले, बाई,
तो विचारायलाय अजून.