दुसरी बाजू, तिसरी धून

माझ्या वहीत चारच रकाने:
कोरी. बरी. वाजते. नुसती गोल.
मोठ्या शहरातले लोक आठ-दहा प्रती लावतात म्हणे,
अधिक-उण्याच्या खुणांसकट.
खाऱ्या हवेत इतकं बारीक काही टिकत नाही.
इकडे कोरी म्हणजे
जिच्यावर एकाच पावसाळ्याची बुरशी.

वीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काटा धरला.
मासा कल्ल्यात बघायचा, डोळ्यांत बघायचा,
विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही.
तबकडीचंही तेच.
दोन तळव्यांत नुसत्या कडा धरून
खिडकीशी न्यायची,
आणि उजेड तिरका पडेपर्यंत
श्वास सोडायचा नाही.

वेंगुर्ल्याला, बंदराच्या चढावर,
सेराफीनबाय लोबोंनी पलंगाखालून खोका ओढला.
वर काजूचं गोणपाट, आत चौतीस जॅझ.
इनास बोटीवर ट्रम्पेट वाजवायचा,
मोम्बासा, केप टाउन, परत.
अर्धा पगार मनिऑर्डरने यायचा,
उरलेला असा, गोल होऊन.

पहिली, उन्हातल्या पापडासारखी उचललेली.
दुसरीचं कव्हर कसरीने खाल्लेलं,
सॅक्सोफोनवाल्याला आता गुडघे नाहीत.
सातवीच्या भोकाभोवती केसांसारख्या रेघा:
मधली खुंटी न सापडता फिरत राहिलेली तबकडी.
अशा रेघा काळोखात पडतात
नाहीतर फेणी घेतल्यावर.
मी पुटपुटलो असणार.
"दोनय," बाय म्हणाल्या.

एकोणिसावी.
निळं लेबल. शेवटच्या मोकळ्या चरात
कुणीतरी हाताने खरडलेला आकडा,
पहिल्या छपाईचा.
बोटं थरथरली. तोंड मी
लिलावातलं ठेवलं.
उलटली.
दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या धुनेवर
नख अडकेल असे ओरखडे,
पाच-सहा, एकाच ठिकाणी,
जणू कोणी तिथेच दार वाजवत होतं.

"वाजते," मी म्हटलं. "हिचे चाळीस कमी."

"ओरखडो नाय तो. जागा आसा ती.
तीन वर्सां गावाक नाय त्येका.
सुई उचली, मागे ठेवी. उचली, मागे ठेवी.
शेजारच्यो कोंबयो पण शिकल्यो."

"मग? गावली?"

बायनी गोणपाटाची घडी घातली,
मोडली, पुन्हा घातली.
"बोटीर गावली असतली. हय नाय."

मी चाळीस कापले.
इथे लिहितो, कारण बोललो कुणाशीच नाही.
त्यांनी नोटा मोजल्या नाहीत,
खोक्याला सुतळी मात्र स्वतः बांधली,
दोन गाठी, खलाशाच्या.

रात्री शिरोड्याला
बॅटरीत घालायच्या पाण्याने पुसली,
जुन्या पंच्याने, चराच्या दिशेने, न घासता.
माड शांत. पंखा बंद केला.
सुई ठेवली.

पहिल्या दोन धुना स्वच्छ, जवळजवळ कोऱ्या.
मग तिसरी. ट्रम्पेट चढत जातं,
चढत जातं, वळणाच्या तोंडाशी येतं,
खट्.
पुन्हा चढाच्या पायथ्याशी.
खट्.
आता मला कळत होतं तो कुठे उभा असायचा,
कोणत्या हाताने उचलायचा.
खट्.

सुईच्या डोक्यावर नाणं ठेवलं
की ती पार जाते,
हे कुणालाही माहीत आहे.
खिशात सुटे होते.
मी खिशात हात घालून बसून राहिलो.
बाजू संपेना.