बिघडलं तर बंद

मुलानं पुण्याहून पाच पाठवले, फोटोंसकट.
एक पांढरा, साबणाच्या वडीएवढा,
एक बोलणारा, एक काचेचा पडदा असलेला,
एक नुसती हिरवी पाटी, बाकी सगळं आपण जोडायचं,
आणि पाचव्याखाली लिहिलेलं :
पप्पा, सुरुवातीला हा घ्या, सोपा आहे.

सोपं म्हणजे काय, ते मी छत्तीस वर्षं
भुसावळ यार्डाच्या रिले रूममध्ये पाहिलंय.
दाराला दोन कुलपं,
एक किल्ली स्टेशनमास्तरकडे, एक आमच्याकडे.
आत रांगेनं रिले, आणि सगळ्यांचा धर्म एक :
वीज गेली, तार तुटली, घुशीनं केबल खाल्ली,
काहीही होवो, सिग्नल लाल.
बिघडलं तर गाडी थांबावी.
बिघडलं म्हणून सुटू नये.

जळगावला दुकानात गेलो.
पोरगा चांगला होता, हितेंद्र झांबरे,
बोलता बोलता फैजपूरकडचा निघाला.
एका बल्बात त्यानं मला सोळा लाख रंग दाखवले.
म्हटलं, इंटरनेट गेलं तर हा काय करतो?
आता नाही जात काका, म्हणाला.
आणि वीज?
तो हसला. एप्रिल होता, बाहेर पंचेचाळीस,
त्याच्या डोक्यावरचा पंखा इन्व्हर्टरवर
आळसात फिरत होता.
म्हटलं, बरं, गेली. मग परत आली.
तेव्हा हा चालू होतो, बंद राहतो,
की होता तसा?
त्यानं खोकं उलटं केलं, खालचं वाचलं, बाजूचं वाचलं.
असं कुणी विचारत नाही, काका.
सगळ्या खोक्यांवर एकच कुटुंब,
एकाच सोफ्यावर बसून हसत होतं.

काबरं, हात हलवत आले?
वत्सला कूलरच्या जाळीत नवा वाळा कोंबत होती.
रंग तिला नकोत. बोलणारी पेटी तर नकोच.
बोलणारे आहेत ना दोघं घरात,
ऐकणारं काही मिळालं तर आणा.

कागद काढला. घरानं आपणहून काय काय करावं,
पहिल्या दिवशी आलेल्या ट्रेनीसारखं एकेक लिहिलं.
सतरा गोष्टी झाल्या.
दुपारी झोपून उठलो आणि सोळा खोडल्या.

राहिलं ते पाणी.
आमच्या गल्लीत नळ अकराव्या-बाराव्या दिवशी,
वेळ त्याची, बहुतेक रात्री अडीच.
आधी तो खाकरतो, मग नुसती हवा,
मग घोटभर गढूळ.
मला ऐकू येत नाही, डावा कान मी यार्डात ठेवून आलो.
वत्सला उठते, गुडघ्यावर हात देत हौदापाशी बसते,
भरत आला की मोटार लावते,
आणि तिथंच पायरीवर कधी डोळा लागतो.
दोन मोटारी जळाल्या कोरड्या फिरून.
दोन्ही वेळा बोललो मी तिला.
ते कागदावर लिहिलं नाही.

शेवटी पाचातला एकही नाही आणला.
एक रिले, एक तरंगतं बोंडूक हौदात,
आणि त्यांच्यामध्ये एवढीशी पेटी,
जी घरातल्या घरात विचारते,
समुद्रापलीकडे कुणाला विचारायला जात नाही.
हाताचं बटण तसंच ठेवलं, भिंतीवर, वत्सलाच्या उंचीला.
वायर मी स्वतः टाकली, प्रत्येक टोकाला नंबर.
मुलाला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.
मग थोड्या वेळानं : पप्पा, यात ॲप कुठंय?

मंगळवारी रात्री नळ खाकरला म्हणे.
मला ऐकू आलं ते उशिरा :
टक्.
नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं.
रिले पिकअप झाल्याचं ते एवढंसं.

ती उठलीच. बॅटरी घेऊन हौदात वाकून पाहिलं,
मोटारीवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा,
आणि येऊन आडवी झाली.
चालू आहे, म्हणाली. पुढच्या वेळी नाही उठणार मी.
मी डाव्या कुशीवर वळलो,
चांगला कान वर ठेवून.
बंद होण्याचा टक् अजून यायचा होता.