बहुधा

तांबट आळीत रात्री दीडला
फरशीवर ठेवलं यंत्र, जेवणाच्या डब्याएवढं.
घाव घालायचा नाही, सुरुंग नाही;
जमीन आपली आपण थरथरते, तेवढंच टिपायचं:
द्वारकेवर वळणारे ट्रक, सातपूरचे प्रेस,
लांबच्या समुद्राचीही बारीक कुरकुर.

जनार्दन वडनेरे ओट्यावर बिडी विझवत म्हणाले,
"पाय हलवायचे नाहीत ना, ताई?"
मग तासभर तेही गप्प, मीही.

सकाळी हजारो जमिनी रचून पाहिल्या:
वर काळी माती, मधे मुरूम, खाली पाषाण.
थर जाड केले, पातळ केले,
रात्रीच्या थरथरीशी जुळेनात त्या सोडल्या.
उरल्या, त्यांचंही आपसात पटेना.

"मग खडक किती खाली?"
"सात ते अकरा मीटर. बहुधा नऊ."
"बहुधा?"
त्यांनी घंगाळ उचललं,
टिचकी मारली, कान दिला.
"बुडाला पातळ आहे. कुठं, ते ठोकताना कळेल."

वहीत नऊ लिहिलं, शेजारी अधिक-उणे दोन.
खाली बारीक अक्षरात:
दोन चाळीसला वडनेरे खोकले.
तेवढा तुकडा वगळायचा
राहून गेला.