तेरा पायऱ्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,
मान्य.
पण माझ्याच घराची पायरी चढायची
सोय उरली नाही, त्याचं काय?

तेरा पायऱ्यांचा लोखंडी जिना, बाहेरून वर जाणारा.
झाउरने, माझ्या पाठच्या भावाने,
खाली जाळीचं दार बसवलं, दाराला कुलूप,
आणि नोंदणी कचेरीतून कागद आणला :
जिना खालच्या मजल्याचा.
मी वरच्या. उडत जाऊ?
सध्या ईटेरीच्या गच्चीतून जाते.
ती काही बोलत नाही,
तिची भांडी बोलतात.

कुताइसीत वकिलांना तोटा नाही.
काचेच्या दारांमागे बसतात,
जिना म्हटलं की चौरस मीटर विचारतात.
मला हवा होता आपल्या वस्तीतला कुणी,
ज्याला सांगावं लागणार नाही
की सातव्या पायरीवर चुन्याचा पट्टा का आहे :
वीज नसायची त्या हिवाळ्यात
वडिलांनी ओढलेला,
अंधारात आमचा पाय चुकू नये म्हणून.

गोचा भट्टीत कमरेपर्यंत वाकून पाव थापत होता.
आतूनच म्हणाला, मक्वालाकडे जा,
चांभाराच्या वर.
माझी नि भागीदाराची भट्टी तिनेच वाटली.
भट्टी कशी वाटतात रे?
सकाळ माझी, संध्याकाळ त्याची,
राख अर्धी अर्धी.
वाझाच्या काडीमोडातही तीच होती.
शिवणयंत्र बायकोला, रविवारी पोरगा त्याला,
द्राक्षाचा वेल मात्र कुणालाच नाही.
दर शरदात दोघं येतात तोडायला,
एक शिडी धरतो, एक शिव्या देतं.
मग गोचा वर आला, पीठ झटकत म्हणाला,
झाउर रोज दोन बादल्या भरून नेतो माझ्या नळावरून.
मी पाव पिशवीत घातला. गरम होता.

मक्वालाच्या खोलीत एक शेगडी,
ॲप्रनच्या नाड्यांनी बांधलेल्या फायली.
फी किती?
आधी बस, म्हणाली.
नाव विचारलं. नानुली.
आडनाव विचारलं,
आणि पेन खाली ठेवलं.
तुझं काम मला घेता यायचं नाही.
का?
तेही सांगता यायचं नाही.

खिडकीत एक बरणी होती,
आंबट आलुबुखारच्या चटणीची.
झाकणावर फडकं, फडक्यावर निळा दोरा,
दोऱ्याला आईची गाठ.
ती गाठ आता जगात दोघांनाच येते.
त्यातली मी, आणि मी यंदा चटणी केलीच नाही,
झाड त्याच्या अंगणात आहे.

म्हणजे माझ्या आधी
याच खुर्चीत तो.
कुलूप त्याचं, किल्ली त्याची, कागद त्याचा,
तरी वकील त्याला लागला.
पुदिना कमी पडलाय, मी म्हणाले.
चाखायची गरज नव्हती, रंगावरून कळतं.
मक्वालाने ओठ आवळले,
हसू तिच्या अशिलाचं होतं,
मला दाखवता येत नव्हतं.

तिने चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, तेंगो,
रिओनीच्या पलीकडे.
पोरगा आहे अजून, म्हणाली,
पण जागेवर येऊन पायऱ्या मोजतो.

पुलावर वारा होता.
चिठ्ठी दोनदा उडता उडता राहिली,
दुसऱ्यांदा मीच जरा सैल धरली असेन.

तेंगोने कोरा कागद घेतला.
जिन्यावरून कोण कोण जातं?
मी, म्हणाले. मांजर. वीजबिलवाला.
आणि भाऊ?
तोही, पूर्वी.
वर त्याचं काय काम?
त्याच्या पाण्याची तोटी
माझ्या मजल्यावर आहे.

पोराचं पेन थांबलं.
तोटी सध्या उघडी आहे ना?

मी खिडकीबाहेर पाहिलं.
नदी अगदी भरून वाहत होती.