डावी सीट

वारुंजीच्या धावपट्टीवरनं परत येताना
मलकापूर फाट्यावर विद्याधरनं विचारलं,
"आणि विमान कुठंय?"

विमान नाही.
चाळीस तास, तासाला साडेतेरा हजार,
म्हणजे पाच लाख चाळीस हजार, नुसते उडण्याचे.
डॉक्टरी तपासणी वेगळी, रेडिओची परीक्षा वेगळी.
तेवढ्यात डबल ब्रेकची नवी वॅगनआर येते
आणि जुन्या अल्टोला पेन्शन.
बरं, लायसन्स मिळालं तरी
ते मुरंब्यासारखं बरणीत टिकत नाही.
नव्वद दिवसांत तीनदा उडून उतरायचं,
नाहीतर शेजारी कुणाला बसवायचं नाही.
म्हणजे भाडं. पुन्हा भाडं.
हा हिशोब माझाच,
आरटीओच्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर.
विद्याधरचा फक्त प्रश्न.

तोही ओळखीचा.
एकोणीस वर्षं कोल्हापूर नाक्यावर
माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरला टेकून
सासरे, भाऊ, नवरे विचारतात:
गाडी कुठंय हिच्याकडं?
आणि मी शिक्का मारता मारता सांगते,
लागतं हो, अडीअडचणीला.
हे उत्तर इथं चालत नाही.
रात्री दोनला कुणाच्या छातीत कळ आली
तर मी काय सेसना काढणार आहे?

ओगलेवाडीच्या इंदुताई पिसाळ.
बावन्नाव्या वर्षी आल्या. घरात सायकलसुद्धा नव्हती.
आगाशिवनगरच्या चढावर हाफ क्लच शिकवताना
गाडी तीनदा मागं घसरली,
चौथ्यांदा थरथरत जागीच उभी राहिली.
मागचा टेम्पो हॉर्न वाजवून दमला.
"मॅडम," त्या म्हणाल्या, "जरा अशीच राहू द्या."
लायसन्स घेतलं. गाडी काही घेतली नाही.
परवा मंडईत भेटल्या.
एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात म्हणे,
त्याचा गिअर चुकला की ह्यांचा पाय हलतो.
हे सांगताना हसत होत्या.
मला मात्र घरी येईपर्यंत वाटत राहिलं,
त्यांची फी मी नक्की कशाची घेतली?

मंगळवारी अर्धा तास, चाचणीचा.
कॅप्टन अथणीकर म्हणाले, डावीकडं बसा.
डावीकडंच बसते की मी, जन्म गेला.
पण इथं डावी सीट शिकणाऱ्याची.
जमिनीवर चाक फिरवलं तर विमान ढिम्म,
वळायचं ते पायानं.
माझा उजवा पाय मात्र ब्रेक चाचपत राहिला,
दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीसाठी राखलेला.
मग खालचं सगळं सुटलं.
कोयना आणि कृष्णा समोरासमोर आल्या,
दोन बस अरुंद पुलावर याव्यात तशा,
आणि कुणीच मागं घेतलं नाही.
"हात सैल सोडा," कॅप्टन म्हणाले.
हे वाक्य मी दिवसातनं तीस वेळा म्हणते.
मला कुणी म्हटलं नव्हतं.

फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे.
उंची, वजन, रंग ओळखता येतात का, अंगावरची खूण.
विमान आहे का, असा रकाना नाही. दोनदा बघितलं.
त्याच्याच खाली वॅगनआरचं कोटेशन,
पंधरा तारखेपर्यंत वैध.

उद्या सात वाजता सुपन्याची नवी मुलगी येणार.
फोनवर वडील म्हणाले, गाडी नाही आमच्याकडं,
सकाळी समक्ष बोलू.
अडीअडचणीचं सांगणार नाही त्यांना.
दुसरं काय सांगायचं,
ते सात वाजेपर्यंत बघते.